जावईबापू, थांबा

मी मूळचा चिंचवडचा, कारखान्यात टर्नर होतो, रविवारी क्रिकेट, आणि निवृत्त झाल्यावर दोन हजार अकराला इकडे ऑकलंडला मुलीकडे आलो. आलो तर जावई बेसबॉलवाले. अभिजित त्यांचं नाव, शिकायला आले आणि इथलेच झाले. फिल्डिंगला तिसऱ्या बेसवर, म्हणजे पळणाऱ्याच्या तिसऱ्या थांब्यापाशी, उभे राहायचे. बॅटिंग म्हणाल तर, काय सांगू तुम्हाला, चेंडू कुंपणापलीकडे कधी नाही, पण बॅटला लागला नाही असंही सहसा नाही. मी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून कडेला उभा राहून सल्ले द्यायचो, ते ऐकायचेही, सासऱ्याचं ऐकतात तसं.

मग इथल्या पगारी संघाचे कोच त्यांना बघायला आले. जावयांनी मारला तो चेंडू सरळ समोरच्यांच्या तिसऱ्या बेसवाल्याकडे, आणि मी हात वर करून ओरडलो, थांबा. क्रिकेटमध्ये रन नसली की थांबतात हो, पण इथं चेंडू मारला की पळायचंच. मला माहीत होतं ते, पण जीभ क्रिकेटची. आणि जावई थांबले. तिकडे त्या माणसाच्या हातून चेंडू सुटला, पळाले असते तर पहिल्या बेसवर आरामात पोचले असते. कोच म्हणाले, नजर उत्तम, पळायचा कंटाळा. घेतलं नाही. मुलगी सामन्याला नव्हती, ती घरी त्यांनाच बोलली, आणि मी खाली मान घालून वरणभात कालवत बसलो. ते माझं नाव घेईनात, आणि मीही सांगेना.

पुढच्या हंगामात घेतलं, खेळले पगार घेऊन, तिसऱ्या बेसवर, ऑफिसातून रजा काढून. पण त्या थांबण्यावरून नाव पडलं ते पडलंच, पुतळा. दोन हजार एकोणीसला खेळ सोडला तेव्हा क्लबात बार्बेक्यू होता, कॅप्टननं पुतळ्याच्या नावानं ग्लास उचलला, तसा मी उठलो आणि माझ्या इंग्रजीत सांगून टाकलं, हा पुतळा मी केला, आळशी नाहीत ते, आज्ञाधारक आहेत. अशी हसली मंडळी की काय सांगू. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही? आणि इतकी वर्षं मी यांना बोलतेय? जावई म्हणाले, अगं, मी ऐकलं ना, मग निम्मी चूक माझी.

जेवणानंतर गमतीचा सामना झाला. जावयांनी मारलेला चेंडू रेषेबाहेर गेला, तेव्हा पळायचं नसतं. मी ओरडलो, पळा जावईबापू, पळा. आणि पळाले हो, जीव खाऊन, पहिल्या बेसपर्यंत. देव त्यांना सुखात ठेवो. तुम्ही हे लिहून घेताय, तर एवढं मात्र नीट लिहा, की ते थांबले ते माझ्यामुळे.