भोईर सरांचा सुसम प्लॉट

आमच्या शाळेतल्या भोईर सरांनी दहिवलीत प्लॉट घेतला, ते सांगितलं का तुम्हाला? एजंट म्हणाला, "सर, एकदम रेग्युलर शेप." सरांनी टेप लावली. पाचही बाजू साठ-साठ फूट भरल्या. "सुसम पंचकोन," म्हणाले आणि सही ठोकली. कोन बघितलेच नाहीत. नुसत्या बाजू बघून सुसम लिहिणाऱ्या पोरांचे मार्क हेच सर कापतात, बरं का.

शेजारच्या नसीमाचं अंगण पाचरीसारखं त्या प्लॉटमध्ये घुसलेलं. सरांनी आपल्या दोन कोपऱ्यांत खांब रोवून कपड्यांची दोरी बांधली, तर ती थेट तिच्या अंगणावरून गेली.

"सर, दोरी माझ्या जागेत आली."

"दोन्ही खांब माझ्याच जागेत आहेत," सर तावातावाने म्हणाले.

नसीमा त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती शांतपणे म्हणाली, "आतले दोन बिंदू जोडले आणि रेषा बाहेर गेली, तर बहुभुज अंतर्वक्र. हे आलं नाय म्हणून तुमी मला तासभर बाकावर उभं केलं होतं."

तिनं ओट्यावरचा बाक ओढून त्यांच्यापुढे ठेवला. सर टेकायला वाकले, तर म्हणाली, "बसायला नाय आणला, सर."