पबमधला वास

डिसेंबरातली संध्याकाळ, डेव्हन ॲव्हेन्यूचा बसस्टॉप. स्ट्रोलरमध्ये बाळाचा नुकताच डोळा लागला होता. माझ्या मागे दोघं मोकळेपणी मराठीत बोलत होते, इथे कोणाला कळतंय अशा थाटात.

"एक तारखेपासून पबमध्ये स्मोकिंग बंद, निमिष."

"माहितेय. झोप उडालीय माझी."

"बाहेर उभा राहून ओढ ना यार."

"तसं नाही रे प्रताप. हिमानीला वाटतं, मी सोडलीय. कपड्यांना वास आला की मी म्हणतो, पबमध्ये सगळे ओढतात. आता काय म्हणू?"

"खरं सांगून टाक. चार दिवस ओरडेल."

"आन्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय मी."

"अरे देवा."

"आणि महिनाभर पोरीला धाप लागतेय. काल डॉक्टरनं विचारलं, घरात कोणी स्मोक करतं का? मी तोंड उघडायच्या आत हिमानी म्हणाली, नो. केवढ्या अभिमानाने म्हणाली!"

"आणि तू?"

"आन्याची टोपी नीट करत बसलो."

"हे बघ, शपथेबिपथेनं काही होत नसतं."

"तुझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हण बरं हे."

"बस आली. चल."

"थांब, फोन लावतो. हॅलो, हिमानी? झोपली का ती? ... परत खोकली? ... ऐक ना, काल डॉक्टरला आपण चुकीचं सांगितलं. ... नाही गं, तू नाही. मी."