खाटेवरचे आजोबा काय करतात?

...आणि वर मोठ्या बाई मला म्हणतात, 'तुमचं काय बाई, पहिलीचा वर्ग! तक्ता टांगायचा, छडी ठेवायची, कोण काय करतं विचारायचं, संपलं!' संपलं? अहो, या ना एकदा, उभ्या राहा त्या तक्त्यासमोर, मग सांगा संपलं का! ...आणि तुम्ही, हो, तुम्हीच, कडेला बसलेले, ती बाजूची खुर्ची तशीच राहू द्या. पिशवी नका ठेवू तिच्यावर. सांगते का ते.

तुम्हाला सांगते, नऊ वर्षं मी तात्पुरती. नऊ वर्षं! शाळेची घंटा बदलली, फळा बदलला, मोठ्या बाईंचा चष्मा तीनदा बदलला, मी आपली तात्पुरतीच. यंदा एकदाचं ठरलं, साहेब येणार, माझा पाठ बघणार, आवडला तर कायम, नाही तर बसा घरी. आणि पाठ कुठला? क्रियापदं! आता सहा वर्षांच्या पोरांना क्रियापद म्हटलं तर ती डबा उघडतात. म्हणून मी म्हटलं, कामाचे शब्द. कोण काय करतं ते पूर्ण वाक्यात सांगायचं, कामाचा शब्द आला की मी छडी आपटणार, 'वाक्य बरोबर!' म्हणणार आणि हातावर एक चांदणी चिकटवणार.

तक्ता म्हणजे काय, एक घर, पुढची भिंत काढलेलं. आई शिवते, बाबा लिहितात, ताई केस विंचरते, बाळ रांगतं, आणि मागच्या खोलीत खाटेवर आजोबा झोपलेले, तोंडावरून पांघरूण घेऊन. चेहरा नाहीच. मला वाटायचं, काढणाऱ्यानं कंटाळा केला असेल.

आणि वर्गात एक मुलगी. मी तिला गप्पू म्हणते, कारण शाळा उघडल्यापासून पाच महिने तिच्या तोंडून एक अक्षर नाही. हजेरीला नाही, गुडघा फुटला तरी 'आई गं' नाही. तिची आई रोज फाटकाशी विचारायची, 'बाई, आज काही बोलली?' आणि मी रोज म्हणायची, 'बोलेल हो.' मग आत जाऊन डोळे पुसायची, खोटं कशाला सांगू. तर एका दुपारी ही पोर आपणहून उठली, तक्त्यासमोर गेली, खाटेवर बोट ठेवलं आणि बारीक आवाजात म्हणाली, 'आजोबा उठतात.'

आता मला सांगा, आजोबा झोपलेत ना? चांगले ढाराढूर झोपलेत! पण पाच महिन्यांनी पोर बोललं आणि मी काय म्हणू, 'चूक, बस खाली'? जीभ झडली असती माझी! मी छडी आपटली. वाक्य बरोबर! दोन चांदण्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी खाट रिकामी.

हसा, हसा. मीही हसले आधी, म्हटलं कुणी खोडरबर फिरवलं असेल. पण पांघरुणाची घडी घातलेली होती हो! पायथ्याशी, व्यवस्थित! आमच्या घरात जिवंत माणसं पांघरुणाची घडी घालत नाहीत आणि हे चित्रातले! आमच्या ह्यांना सांगितलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, 'चांगली सवय आहे.' झालं!

आणि गप्पूला तर वाचाच फुटली. 'आजोबा चालतात.' वाक्य बरोबर! खोलीच्या दारात सावली. 'आजोबा दार उघडतात.' वाक्य बरोबर! दार सताड, आणि ती शिवणारी आई... ती दाराकडे बघतेय. अहो, नऊ वर्षं सुईकडे बघत होती ती! मी बरोबर म्हणायचा अवकाश, की ते झालंच. रोज ठरवायची, आज चूक म्हणायचं. आणि रोज ती हात पुढे करून उभी, आणि फाटकाशी तिची आई, 'बाई, काल जेवताना पाणी दे म्हणाली हो!' आणि हमसून हमसून रडायला लागली. कुठल्या तोंडानं चूक म्हणू?

मग एक दिवस, 'आजोबा बाहेर येतात.' वाक्य... काय करू... बरोबर. त्या दिवसापासून मागचा बाक कुणी न बसता कुरकुरतो, आणि डबा खाताना पोरं जरा सरकून बसतात. जागा करून देतात. न सांगता!

साहेब आले मोठ्या बाईंबरोबर आणि बसले नेमके त्या बाकासमोर. 'वा, छान तक्ता! बाळांनो, ही खाट रिकामी कशी?' गप्पू ताडकन उठली. 'आजोबांची आहे. आजोबा साहेबांच्या मागे उभे राहतात.' साहेब हसले. मग हसायचे थांबले. मानेवरून हात फिरवला. मागे वळून नाही हं बघितलं! मला अगदी हळू विचारतात, 'बाई... हे बरोबर आहे का?'

मोठ्या बाई डोळे वटारून 'बोला ना!' गप्पू हात पुढे करून. चूक म्हटलं तर पोर पुन्हा मुकी आणि मी घरी. मी छडी आपटली. 'वाक्य बरोबर, साहेब.' साहेबांनी उभ्याउभ्या सही केली, चहाही घेतला नाही.

झाले मी कायम! मग रडताय कशाला, म्हणाल. अहो, परवा शाळा सुटताना मी आपली पिशवी भरतेय, घाई, पावशेर लक्ष नाही, आणि मागून गप्पू, 'आजोबा बाईंबरोबर घरी जातात.' आणि निघून गेलं ना तोंडातून! वाक्य बरोबर! सवय! दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांच्या पांघरुणाची घडी घातलेली. हे म्हणतात, 'सुधारलीस बरं का!' ...म्हणून म्हटलं, ती खुर्ची राहू द्या.

आज सकाळी गप्पूला मांडीवर घेतलं, चांदण्यांचं अख्खं पाकीट हातात दिलं. म्हटलं, 'राणी, एकच वाक्य म्हण. आजोबा झोपतात. म्हण ना गं!' तिनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागे. पाकीट परत दिलं हो तिनं! म्हणाली, 'पण बाई, ते झोपतच नाहीत. ते तुमच्याकडे बघतात.'

काय करणार? उचलली छडी... वाक्य बरोबर.