टोपली वर गेली नाही त्या सकाळबाबत

नाव: ओळखपत्रावरचं साहेबांनी उतरवून घेतलं आहे. त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. गल्लीत शोधायचं झालं तर ‘बाकावरच्या आजी’ असं विचारावं.
वय: ओळखपत्राप्रमाणे अठ्ठ्याहत्तर. ओळखपत्र करणाऱ्याने माझ्या तोंडाकडे बघून लिहिलं होतं.
धंदा: घरकाम. शिक्षण: नाही.
राहणार: पावाच्या दुकानासमोरची इमारत, तळमजला, दाराबाहेर बाक आहे ते घर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, हे सगळं मी काल लिहिणाऱ्या साहेबांना एकदा सांगितलेलं आहे. काल ते मान डोलवत होते. आज म्हणाले, “आजी, पुन्हा पहिल्यापासून सांगा, काल लिहायचं राहून गेलं.” वय माझं झालंय की त्यांचं, ते त्यांनीच ठरवावं. हा कागद पुढे ज्यांच्याकडे जाईल तेही जेवून उठेपर्यंत विसरतील, म्हणून मुद्द्याची गोष्ट आधी सांगून ठेवते. कप्तानांचं दार नळवाल्याने फोडलं हे खरं. ते मी फोडायला सांगितलं. आता बाकीचं लिहा.

कप्तान म्हणजे माझ्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर राहणारे गृहस्थ. एकटेच राहतात. ते बोटीवर स्वयंपाकी होते, कप्तान त्यांना गल्लीने केलं. माझे मालक होते तेव्हापासूनची ओळख, म्हणून ते मला वहिनी म्हणतात. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून ते खाली उतरत नाहीत. खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडतात. दोरीच्या गाठी बोटीवरच्या, त्या कोणाला सुटत नाहीत. टोपली माझ्या बाकाशेजारी कमरेइतक्या उंचीवर येऊन थांबते. पाववाला पाव ठेवतो, भाजीवाली भाजी ठेवते, मी दुपारचं सूप ठेवते. मग कप्तान वरून ओढतात. ओढताना खालच्या प्रत्येकाला काहीतरी ऐकवतात, आणि खालचेही ऐकून घेणारे नाहीत. गल्लीतल्या गप्पा म्हणतात त्या आमच्याकडे उभ्या चालतात, खालून वर आणि वरून खाली.

टोपलीचा एक नियम आहे. आधी आलेलं काढायचं, मग जायचं ते ठेवायचं. माझा सुपाचा वाडगा दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीतून परत येतो. धुतलेला, पुसलेला, वर रुमाल झाकलेला. बोटीवर राहिलेला माणूस आहे, उष्टं भांडं पाठवत नाही. वाडगा खाली आला की वरून निकाल येतो. निकाल रोज एकच असतो: “वहिनी, समुद्र आटला का?” म्हणजे मीठ कमी. हे ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात.

मीठ कमी का, असं साहेबांनी विचारलं. डॉक्टरांनी त्यांना मीठ बंद केलं आहे. डॉक्टरांचा कागद त्यांनी औषधं आणायला टोपलीतून खाली पाठवला होता, तेव्हा पाववाल्याने तो मला वाचून दाखवला. मला लिहिता-वाचता येत नाही, पण ऐकलेलं राहतं. तेव्हापासून सुपात मीठ नाही. त्यांना तसं मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हट्टाने दुसरीकडून खारट मागवलं असतं. माझ्या हाताला चव नाही असं गल्लीभर झालं. झालं तर झालं.

घटनेच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे बाकावर येऊन बसले. वेळ विचारल्यावरून सांगते की, ऊन बाकाच्या मधल्या फळीवर आलं होतं. साहेबांनी ‘सकाळी दहाच्या सुमारास’ असं लिहिलं आहे, ते त्यांचं आहे. टोपली खाली आलेली होती. ती केव्हा सोडली ते मी पाहिलं नाही. तळाशी रुमाल होता, रुमालावर पाव, पावाच्या बाजूला टोमॅटो आणि पालेभाजीची जुडी.

पाववाल्याला मागाहून विचारलं, तेव्हा तो म्हणाला की दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती, म्हणून रुमाल न उचलता पाव वरच ठेवून तो पळाला. भाजीवाली म्हणाली, पाव दिसला, म्हणजे पाववाल्याशी बोलणं झालं असणार, मग आपण कशाला घसा फोडायचा. मला पाव आणि भाजी दोन्ही दिसलं. मी समजले की दोघांशी बोलणं झालंय आणि माझ्याशीच होत नाही, म्हणजे रुसवा आहे. आदल्या दिवशी ते वरून म्हणाले होते, “वहिनी, तुमचं सूप मी बोटीवर दिलं असतं तर मला समुद्रात टाकलं असतं.” मी म्हटलं, “टाकायला हवं होतं, टोपली तरी ओढावी लागली नसती.” बाकावरचे सगळे हसले होते. तेच मनाला लागलं असेल असं धरून मी हाक मारली नाही. रुसू दे म्हटलं. असे आम्ही तिघं शहाणे त्या टोपलीभोवती सकाळभर वावरलो.

कसं कळलं असं विचारल्यावरून सांगते की, कावळ्याने कळवलं. कावळा टोपलीच्या काठावर बसला आणि पावाला चोच मारू लागला. कप्तान कावळ्याला जी शिवी देतात ती इथे लिहिण्यासारखी नाही, पण ती ऐकल्याशिवाय आमच्या गल्लीत कावळा उडत नाही. कावळा खात राहिला. मी भाजीवालीला म्हटलं, “अगं, कावळा पाव खातोय आणि वरून शिवी नाही.” ती हातातली जुडी तशीच टाकून उठली. आम्ही दोघींनी हाका मारल्या. पाववाल्यानेही मारल्या. खिडकी उघडी होती. दोरी खिडकीच्या गजाला बांधलेली होती. उत्तर आलं नाही.

मग मी टोपली रिकामी केली. रुमालाखाली माझा वाडगा होता. अर्धं सूप तसंच, साय धरलेलं. वाडगा धुतलेला नव्हता.

मी पाववाल्याला कप्तानांच्या भाच्याला फोन लावायला सांगितलं. भाचा म्हणजे या प्रकरणातले तक्रारदार; मामांचं घड्याळ नळवाल्याने चोरलं अशी त्यांची तक्रार आहे. फोन त्यांनी उचलला. पाववाल्याने आवाज मोठा ठेवला होता म्हणून मीही ऐकलं. ते म्हणाले, “मामा उशिरा उठतात, माहितीये ना तुम्हाला. मी संध्याकाळी येऊन बघतो.” मामा उशिरा उठत नाहीत. पावाचं दुकान उघडायच्या आधी ते खिडकीत असतात. भाचेसाहेब कामात असतील, त्यांच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही.

नळवाला त्या वेळी शेजारच्या इमारतीच्या टाकीवर काम करत होता. त्याला मी बोलावलं. तो हत्यारांची पिशवी घेऊन आला. आमच्या गल्लीत असं एक घर नाही जिथे तो ओट्याखाली वाकलेला नाही. तीच पिशवी आत्ता साहेबांच्या टेबलाखाली ठेवलेली आहे, चिठ्ठी लावून. तसंच इथे नमूद करावं की, मी आल्यापासून तुमच्या ठाण्यातला नळ ठिबकतो आहे, आणि तो नीट करणारा माणूस तुम्ही पलीकडच्या दाराआड बसवलेला आहे.

नळवाल्याने लगेच दार फोडलं नाही. तो म्हणाला, “आजी, दुसऱ्याचं दार आहे. आधी पोलिसांना कळवू.” मी म्हटलं, “पाववाला कळवतोय. तोवर तू फोड.” तो म्हणाला, “उद्या माझ्यावर आलं तर?” मी म्हटलं, “तर मी आहे.” हे मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून बोलले, भाजीवालीने ऐकलं. त्यावर तो पिशवी उचलून वर गेला. मी आज इथे आले आहे ती त्या एका वाक्यासाठी.

मीही वर गेले. माझे गुडघे काय आहेत ते सुनेला विचारा, ती बाहेर बाकड्यावर बसली आहे. इतक्या वर्षांत कप्तानांच्या घरी मी पहिल्यांदा गेले. मी पोचले तेव्हा नळवाला कुलपापाशी काम करत होता. दार माझ्यासमोर उघडलं. तो आत गेला आणि त्याच्यामागे लगेच मी गेले. कप्तान खुर्ची आणि खिडकी यांच्यामध्ये पडलेले होते. डोळे उघडे होते. श्वास चालू होता. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं.

नळवाल्याने काय केलं असं विचारल्यावरून सांगते. तो जमिनीवर बसला आणि त्याने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. रुग्णवाहिकेची माणसं येईपर्यंत त्याचे दोन्ही हात त्यांच्या डोक्याखाली होते. मान हलू नये म्हणून धरून बसला होता. त्याला घाम येत होता, तोसुद्धा मी माझ्या पदराने पुसला, कारण त्याला हात मोकळा नव्हता. घड्याळ घ्यायला तिसरा हात लागतो. तो त्याला असल्याचं मी पाहिलेलं नाही.

घड्याळाबाबत विचारल्यावरून सांगते की, बोटीवरून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ कप्तानांकडे आहे हे मला माहीत आहे. मनगट बारीक झाल्यापासून ते निसटायला लागलं, म्हणून त्यांनी ते घालायचं सोडलं. कुठे ठेवलं ते मला माहीत नाही. नळवाल्याला माहीत नाही. भाचेसाहेबांनाही माहीत नाही, नाहीतर त्यांनी ते काढून दाखवलं असतं. माहीत एकाच माणसाला आहे आणि तो अजून बोलत नाही.

मी त्या वेळात काय केलं असं विचारलं. मी कप्तानांचा हात धरून बसले होते. त्यांना काय म्हटलं असं विचारल्यावर, ते जबाबात नको असं मी सांगितलं आहे. साहेबांनी लेखणी थांबवली, त्याबद्दल त्यांचे आभार.

खोलीत आणखी काय दिसलं असं विचारल्यावरून सांगते. खुर्ची खिडकीशी लावलेली होती. तीत बसून खाली बघितलं तर रस्ता दिसत नाही, पावाचं दुकान दिसत नाही, फक्त बाक दिसतो. कपाट बंद होतं. ओट्यावर भांडी पालथी घातलेली होती. खुर्चीच्या हाताशी, बसल्या जागेवरून पोचेल अशी मिठाची बरणी होती. बरणी गळ्यापर्यंत भरलेली, मिठाचा दगड झालेला, झाकणावर धूळ. त्यात चमचा कधी गेलेला नव्हता. याचा गुन्ह्याशी संबंध नाही असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, तरी लिहा. रोज गल्लीभर ओरडून मग तो माणूस ते तसंच खात होता, हे कुठेतरी लिहिलेलं असू दे.

नंतर नळवाल्याने आणि पाववाल्याने मिळून त्यांना चादरीत घालून तीन मजले उतरवलं, कारण रुग्णवाहिकेच्या माणसांचं स्ट्रेचर आमच्या जिन्यात वळत नाही. नळवाला पायाकडच्या बाजूला होता, उलटा उतरत होता. खाली पोचल्यावर तो परत वर गेला. त्यावरून त्याच्यावर संशय धरला आहे असं मला सांगण्यात आलं. तो वर गेला तो उखडलेलं कुलूप दाराला तारेने बांधायला, दार सताड राहू नये म्हणून. त्या वेळी भाजीवाली दारात उभी होती. चोर दार बांधून जातो असं मी तरी ऐकलेलं नाही.

नळवाल्याशी माझं नातं नाही. त्याने माझ्याकडे कामं केली आहेत, दोनदा वाद घातला आहे, एकदा माझी फरशी फोडली आहे. त्याच्यासाठी खोटं बोलावं इतकं प्रेम नाही. दार फोडल्याचा गुन्हा होत असेल तर तो माझ्या नावावर लिहावा आणि त्याला सोडावं. मला आत बसवायचं असेल तर पाठ टेकायला जागा हवी, एवढंच.

हा जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या वाचनात ‘नळवाला आत घुसला’ असं आलं. मी म्हटलं, घुसला नाही, गेला. ते खोडून ‘गेला’ केलं आणि खोडलेल्या जागेशी माझा अंगठा घेतला. पुन्हा सगळा वाचायला लावला. वाचताना साहेबांनी बरणीचा भाग गाळला, मी आठवण केली, मग तोही वाचला. आता जे कागदावर आहे ते माझ्या तोंडचं आहे, कमी नाही, जास्त नाही. याखाली माझा डावा अंगठा.

अंगठ्यानंतर एक राहिलं, ते खाली जोडून घ्यावं. डॉक्टर म्हणतात, वाचा परत येईल, पण ओळखीच्या माणसांनी बोलतं करायला हवं. भाचेसाहेबांनी गल्लीतल्या कोणाला इस्पितळात आत सोडू नका असं सांगून ठेवलं आहे. पोलिसाला कोणी अडवत नाही. सुनेच्या मांडीवर डबा आणि माझा वाडगा आहे, ते घेऊन शिपायाला पाठवावं. डब्यात भाज्यांचं सूप आहे, पातळ, गाळलेलं, चमच्याने भरवता येईल असं. मीठ घातलेलं नाही आणि वाटेत कोणी दया येऊन घालू नये. पहिला चमचा झाला की शिपायाने कागद घेऊन जवळ बसावं. समुद्राचं नाव निघालं की पुढचा प्रश्न घड्याळाचा विचारावा. आज नाही निघालं तर उद्या पुन्हा तेच न्यावं, तसंच, बिनमिठाचं. आणि वाडगा परत आणावा. धुवायचं मी बघेन.