शालिनीताईंची डासांची खोली

मंडळी, आपण सगळे हातातली कामं टाकून आलात. मला बोलायला उभं केलंय खरं, पण शालिनीताई गेल्यापासून मी कुणाशी धड बोललेलीच नाही. सांभाळून घ्या.

मघाशी कुणीतरी विचारलं, फोटोपुढे उदबत्ती का नाही? अहो, शेजारच्या खोलीत डास आहेत. ताईंचे डास. धुराने मरतील.

ताईंचा उभा जन्म या प्रयोगशाळेत गेला. नातेवाईक विचारायचे, "डास मारायचे सोडून पाळता कसले?" ताई म्हणायच्या, "मारायला तुम्ही आहात की." मी इथे कामाला लागले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं. मलेरियाचा परजीवी डासालाही नको असतो. डासाच्या अंगातलं एक प्रथिन त्या परजीवीला जाऊन चिकटतं, आणि मग डासाचं शरीर त्याला मारून टाकतं. काही डासांना हे साधतं, काहींना नाही. ज्यांना साधतं, त्यांचा वंश ताईंनी पिढ्यान् पिढ्या जपला. का साधतं, एवढंच त्यांना शोधायचं होतं. ते अर्धंच राहिलं.

हिंजवडीच्या कंपन्यांच्या बस सुरू झाल्या आणि आमच्या हाताखाली शिकणारी मुलं एकेक करून त्यांत चढली. ताई म्हणाल्या, "जाऊ दे गं. तिथे एसी माणसांसाठी असतो, इथे डासांसाठी." हसलो आम्ही. उरलो दोघी.

एकीच्या अंगाला धुराचा, अत्तराचा वास असला की दुसरीने आत जायचं, असा आमचा नियम. डासांना रविवार नसतो, सुतक नसतं. साखरपाणी रोज लागतंच.

परवा ताईंना निरोप देऊन मी स्मशानातून थेट इथे आले. दाराशी पोचले आणि थबकले. साडीला चितेच्या धुराचा वास येत होता. सवयीने हाक मारली, "ताई, आज तुम्ही जा हो आत."

कोण जाणार होतं? तिथेच पायरीवर बसून रडले. मग घरी गेले, न्हाले, साडी बदलली आणि परत आले.

मंडळी, फार एकटं वाटतं हो. आणि ही खोली एकटीने चालत नाही. उद्या मी तापाने पडले, तर ताईंनी जपलेला तो वंश संपेल. मग राहिलेलं उत्तर कुणालाच शोधता येणार नाही. तुमच्या घरात, ओळखीत कुणी असेल तर पाठवा. शिकवायचं ते मी शिकवीन.

चला, ताईंसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या. त्यानंतर मी तुमच्यापाशी थांबणार नाही, रागावू नका. आत जायला दुसरं कुणी नाही.