रिसालदार सावळीराम

धोंडीराम : …हिशेब सोपा हाय, चतुरे. आपला रवी घोडीवर पाच मिनिटं बसणार, ड्रोनवाला वरून फोटो काढणार, आन् तिकडं विलायतेत मतं पडणार. लंडनच्या पार्लमेंटात आपल्या चांदवडकडचा माणूस! तुझ्या घोडीचं काय झिजतं?

चतुराबाई : दादा, घोडी एकदा सजवली की नवरदेवाच्या आधी कोणी बसत नसतं. तुझा सनी काय याच्या उष्ट्या खोगिरावर बसंल?

रविराज : सनीला विचारलंय मी, आत्या. चुलतभावासाठी चालेल म्हणाला. आणि मी नवशिका नाही. ब्रिटिश घोडदळात मेजर होतो, राजवाड्याच्या मिरवणुकीत घोडा नाचवलाय.

चतुराबाई : तू नाचवलास. सकाळी हिला टाच मारलीस, तर ही आपणहून नाचायला लागली!

धोंडीराम : वरातीची शिस्त हाय ती, मेजरसायेब. आडगाव नाक्यावरच्या समद्या लग्नाच्या लॉन्सवाल्यांना ठाऊक हाय.

रविराज : हसा, काका. पण निवडणूक पुढच्या महिन्यात आहे, आणि समोरचा उमेदवार घरोघरी विचारतोय, हा बाहेरचा माणूस इथे कोणाचा कोण? त्याला उत्तर म्हणून हे पत्रक वाटलं. 'आजोबांपासून घोडदळात.' फोटोच छापलाय ना. फेटा, खांद्यावर पट्टा, छातीवर पदक, हातात लगाम. रिसालदार सावळीराम!

चतुराबाई : आण इकडं. अगं बाई, आप्पाच की! पाटलाच्या लग्नातले. फेटा मुलीकडच्यांनी बांधलेला. हा पट्टा नव्हं रे, मानाचं उपरणं. आन् पदक? 'वरपक्ष' लिहिलेला बिल्ला हाय तो. बँडवाल्यांनाबी लावला होता.

रविराज : पप्पा फक्त म्हणायचे, आजोबा घोड्यावरचे.

चतुराबाई : तुझा बाप, आमचा भिकाभाऊ, तिकडं विलायतेत तबेल्यात लीद काढायला गेला. पोराला सायेब करायचं होतं त्याला, तो कशाला सांगतोय? पण तू तर इथं शाळेत जात होतास. तुला ठाऊक नव्हतं?

रविराज : घोडी वरातीची, हे ठाऊक होतं. फोटो कुठला, ते विचारलं नाही. न विचारणं सोयीचं होतं.

धोंडीराम : जाऊ दे ना! तिकडं कोण बिल्ला वाचतंय? मेलेल्या माणसाला बढती मिळाली, वाईट काय झालं?

चतुराबाई : कोणाला विचारून दिली? आप्पा घोडी धरायला लाजत होते का?

रविराज : मीही लाजत नाही, आत्या. घोडदळात पहिला धडा एकच, आधी घोडा खाणार, मग शिपाई, मग अधिकारी.

चतुराबाई : मग आप्पांनी काय वेगळं केलं? आधी घोडी, मग पंगत, उरलं तर आप्पा. आन् वरात पोचली की परतीला रिकाम्या घोडीवर तुला बसवायचे. तू वर झोपायचास, ते गावापर्यंत पायी.

रविराज : लगाम सैल सोडायचे. तरी मी कधी पडलो नाही.

चतुराबाई : पडशील कसा? एक हात तुझ्या पायावर असायचा.

(बाहेर बँड वाजू लागतो.)

धोंडीराम : चला, सनी निघाला! ड्रोनवाला खोळंबलाय, रवी. बसतोस का नाय?

रविराज : सनीला चढवा. आत्या, लगाम दे इकडे. आणि काका, ड्रोनवाल्याला म्हणावं, वरून नको, समोरून घे. पायी चालताना.

धोंडीराम : आन् पत्रकं? ती तर वाटून झाली! उद्या समोरचा तुला खोटारडा म्हणंल.

रविराज : त्याच्या आधी मीच सांगतो. आजोबा रिसालदार नव्हते, वरातीची घोडी धरायचे, मी छापलं ते चुकीचं. पडलो तर पडलो. घोडदळातला पडलेला माणूस पुन्हा चढतो.

चतुराबाई : थांब, हे उपरणं घे खांद्यावर. आन् दमानं चाल. वर बसलेल्याला खड्डा कळता कामा नये.

धोंडीराम : मान सनीला, घोडी चतुरीची, खासदारकी लटकलेली. मग या समद्याची किंमत भरली कोणी म्हणायची?

चतुराबाई : आप्पांनी. जन्मभर पायी चालून. याची तर ही पहिलीच वरात.