मोहाखालची झाडलेली जागा

आमचं गाव कुठी म्हनून विचारता, त धानोऱ्याहून येनारा डांबरी रस्ता संपते तिथी उतराचं, मंग नाला, नाला ओलांडला का डोंगराच्या पायथ्याशी अर्धं गाव वरता, अर्धं खालता, अन् मधात तळं. पावसाळ्यात नाला भरला का आमी तिकडचेच. तीसेक चुली असतीन, समदे गोंड, बौद्धाचं एकच घर, ते आमचं. माझं माहेर मूल गावाकडचं, लगीन होऊन आली तवा सारं गाव गोंडी बोले, मले काईच समजे नाई, तळ्यावर भांडे घासता घासता शिकली, आता त सपनंई गोंडीतच पडते.

गावात कोन राह्यते अन् कोन गेलं ते आमाले कसं समजते, काय सांगू तुमाले, मोहावरून समजते. हर घराले गावानं जंगलात मोहाचं एक झाड देल्लं राह्यते. फुलं पडाच्या आधी त्या घरच्यानं बुडाखालचा पाला सारून जागा झाडून काढाची. ज्यानं झाडलं त्याचं झाड, त्याचीच फुलं, अन् एका घरानं साली एकदाच झाडाचं, एकच झाड. दुसऱ्याच्या नावानं झाडता येत नाई, मायनं लेकासाठी बी नाई. अन् लागून दोन सालं झाडलं नाई, त गाव म्हनते ते घर उठलं, अन् झाड दुसऱ्याले देते.

माझा संदीप घुग्घुसले कोळशाच्या ट्रकवर हाय. त्याच्या लग्नात गावानं त्यालेबी झाड देल्लं, माझ्या झाडाच्या बाजूचंच, लहान हाय पन फुलते. परसाली त्याले सुट्टी भेटली नाई, झाड तसंच राह्यलं. औंदाबी भेटली नाई. फुलाचं दुख नाई जी, लेकाचं घर गावातून उठते याचं दुख. मंग मी सुनेले, पूजाले, फोन केला, म्हनलं बाई, तू तरी ये. तिनं कधी जंगल पाह्यलं नाई, पन आली, एकटी आली. संध्याकाळी तिले दोन्ही झाडं दाखवली, हे माझं, ते तुमचं. अन् पहाटे मी उठाच्या आधी पोरगी खराटा घेऊन गेलीबी.

मी मागून पोचली त काय, पोरीनं असं झाडलं का खुशाल धान वाळू घाला, पन झाड माझं. तिचं पाल्यात तसंच. तेवढ्यात आमचा गायता, म्हंजे गावपुजारी, झाडं पाहत आला. म्हने, शेवंता, लेकाचं घर उठलं ना. पूजा रडाले लागली. मी म्हनलं, रडू नोको. भाऊ, हे मोठं झाड कोनं झाडलं? म्हने, सुनेनं. मंग ज्यानं झाडलं त्याचं ना? म्हने, हो. मंग ते तिचं. म्हने, अन् तुझं घर? मी पूजाच्या हातचा खराटा घेतला, म्हनलं, हे लहानं आता माझं, झाडते, उभा राहून पाहा. तो सावलीत बसला अन् हसत राह्यला, नियम त त्याचाच.

मोठं झाड गेलं, जीवाले थोडं लागलं, खोटं काऊन बोलू. पन एकट्या बाईले लहानं पुरते. पूजा फुलं सरेपर्यंत राह्यली, शेजारनीकडून गोंडी शिकली, चुका करे अन् साऱ्या हसत. पुढच्या साली येशीन का, मी विचारलंच नाई. जाताना तिनं आपला खराटा माझ्या छपरात खोसला अन् म्हने, माय, याले कोनाले हात लावू देऊ नोका. सुखी राहो माझी पोरगी.